व्हिएतनामचे पिंप

सेक्रेटरींच्या पांढऱ्या शर्टावर पहिला थेंब पडला तेव्हा त्यांनी वर आकाशाकडे पाहिले. आकाश अगदी कोरडे होते. दुसरा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. तो तांबूस होता, गंजलेल्या पाण्यासारखा, पण पाण्यापेक्षा दाट. सेक्रेटरींनी चष्मा काढला, काच बोटाने पुसली आणि सवयीप्रमाणे बोट नाकाशी नेले. तिथेच चुकले. पुढचा बराच वेळ ते गॅलरीचा कठडा धरून नुसते उभे होते.

इमारतीची सेक्रेटरीगिरी अंगावर घेतल्यापासून वासांच्या बाबतीत त्यांचे शिक्षण पुष्कळ झाले होते. तुंबलेले गटार त्यांना जिन्यातूनच कळे. टाकीत पडलेले कबूतर आणि जिन्याखाली मेलेली घूस यांतला फरक ते डोळे मिटून सांगत. हा वास मात्र या सगळ्यांचा थोरला भाऊ होता. तो वरच्या गॅलरीतून उतरत होता, आणि वर कंपाउंडर राहत होते.

कंपाउंडरांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण नाव चिकटले ते चिकटलेच. सारा जन्म त्यांनी एका दवाखान्यात काचेच्या खिडकीमागे उभे राहून पुड्या बांधल्या, बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या डकवल्या आणि ‘हलवून घ्या’ एवढेच दोन शब्द जगाला ऐकवले. बाकीचे बोलणे त्यांच्या पत्नीकडे होते. त्या शाळेत भूगोल शिकवत. इमारतीतली निम्मी मुले त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत. नद्या, डोंगर, राजधान्या त्यांच्या जिभेवर. जिन्यात कुणी भेटले की हालहवाल विचारण्याआधी त्या एखादी राजधानी विचारत. अशा बाई गेले कितीतरी आठवडे जिन्यात दिसल्या नव्हत्या.

सेक्रेटरी डागाळलेला शर्ट हातात धरून वर गेले आणि बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडले, तेही साखळी न काढता. फटीत कंपाउंडरांचा अर्धा चेहरा दिसला. अंगात दवाखान्यातला जुना पांढरा कोट. कोट छातीपासून खाली लाल. हात कोपरापर्यंत लाल. एका हातात सुरी.

“काय काम होतं?”

सेक्रेटरी बरेच काही ठरवून आले होते. सुरी पाहून त्यातले निम्मे विसरले. “वरून काहीतरी गळतंय. लाल आहे.”

“बीट आहे ते.”

“माझ्या शर्टावर बीट?”

“नाही, माझ्या हातावर बीट. तुमच्या शर्टावर काय आहे ते मला काय माहीत.”

“बाई आहेत का घरात?”

“बहिणीकडे गेलीय.”

“मागे विचारलं तेव्हा म्हणालात, झोपल्यात.”

“झोपली होती. उठली आणि गेली.”

दार लागले. आतून कडी घातल्याचा आवाज आला आणि त्यामागून आणखी एका कडीचा.

बाई कुठेही गेल्या नव्हत्या. त्या आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सगळे ऐकत होत्या.

“तुम्हाला साधं खोटं बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “झोपून उठली आणि गेली म्हणे. असं कुणी जातं का?”

“मग काय सांगायला हवं होतं?”

“नुसतं ‘बहिणीकडे’ म्हणून गप्प बसायचं. आयुष्यभर गप्प बसलात, नेमकं आज तोंड उघडलंत.”

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाईंना आजार निघाला. तोच, ज्याचे नाव लोक आवाज उतरवून घेतात. औषधे सुरू झाली. औषधांनी आधी केस नेले, मग भूक, मग वास, आणि शेवटी चवही गेली. तोंडात सतत लोखंड धरल्यासारखे वाटते, असे त्या सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी कंपाउंडरांना बजावले होते, कुणाला कळता कामा नये.

“लोक येतात, खुर्चीवर बसतात आणि आपल्याकडे असे बघतात, जणू आपला फोटो भिंतीवर लागलाय. मला नको ते.”

“निदान तुझ्या बहिणीला तरी सांगू.”

“तिला तर नाहीच. आईला हेच झालं होतं. मी शाळेत नकाशे लावत होते आणि ती घरी आईचं सगळं करत होती. शेवटपर्यंत. तिला पुन्हा त्या दारात उभं करायचं नाहीये मला.”

तेव्हापासून घराचे पडदे ओढलेले होते आणि दाराला साखळी होती. बहिणीचा फोन आला की कंपाउंडर उचलत आणि सांगत, झोपलीय. त्यांना येणारे हे एकच खोटे होते आणि ते त्यांनी झिजेपर्यंत वापरले.

डॉक्टरांचा घोर वेगळा होता. “वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही,” ते कंपाउंडरांना बाजूला घेऊन म्हणाले. “कच्चं काही देऊ नका. बाकी त्यांना आवडेल ते करून घाला.”

पण आवडीचेच तर वैर झाले होते. ज्या पदार्थांवर बाई जन्मभर पोसल्या ते सगळे त्यांना परके लागत. एक घास घेत आणि ताट सरकवत. “हे असं नसतं,” एवढेच म्हणत. त्यांच्या आवाजात राग नसे, भीती असे. घरातलेच माणूस अचानक अनोळखी भाषेत बोलू लागावे तशी.

कंपाउंडरांनी यावर दोन दिवस विचार केला आणि ते औषधी हिशोबाने एका निष्कर्षाला आले. ओळखीची चव चुकली तर कळते. जी चव कधी घेतलीच नाही ती चुकली हे कळणार कसे? तेव्हा बाईंना असे पदार्थ द्यायचे जे त्यांनी कधी तोंडात घातलेले नाहीत. जग मोठे होते, आणि बाईंनी ते फक्त नकाशात पाहिले होते.

तोवर त्यांनी चहाखेरीज काही केले नव्हते. पण मोजमाप त्यांच्या बोटांत होते. त्यांनी हंगेरीचा मांसाचा रस्सा केला, तो चमच्याने नव्हे, मापाच्या पेल्याने. जॉर्जियाची नावेच्या आकाराची रोटी केली, पोटात चीज आणि वर अंडे. नाव ओव्हनमध्ये बुडाली, पण खाण्याजोगी निघाली. मेक्सिकोच्या रश्श्यात मिरची आणि चॉकलेट एकत्र घालण्याआधी त्यांनी कृती पुन्हा वाचून पाहिली. दवाखान्यात असे मिश्रण केले असते तर नोकरी गेली असती.

बाईंनी रस्सा चाखला. “कसं लागतंय?” कंपाउंडरांनी विचारले.

“लोखंड.”

“पण चुकीचं लागतंय का?”

बाईंनी विचार केला. “चुकीचं नाही म्हणता येणार. यांच्याकडे असंच लागत असेल कदाचित.”

हा मोठाच विजय होता. मग बाईंनी एक नियम घातला. कंपाउंडरांनी ताट आणायचे आणि देश सांगायचा. बाई त्या देशावर प्रश्न विचारणार. उत्तर बरोबर आले तर बाई एक घास खाणार, चुकले तर ताट परत. पहिल्या आठवड्यात कंपाउंडरांनी पुष्कळ ताटे परत नेली आणि उभ्याने स्वतः संपवली. मग ते दुपारी शाळेचा नकाशा घेऊन बसू लागले. ज्या माणसाने शेजारच्या गावाची दिशा कधी विचारली नव्हती, तो भाजी चिरताना मोरोक्कोच्या डोंगररांगा घोकू लागला. बाई मुद्दाम सोपे विचारत. कंपाउंडर तेही चुकत. पण वजनाचा काटा उतरायचा थांबला, आणि त्या घरात तेवढेच मागणे होते.

व्हिएतनाम मात्र अंगाशी आले. तिकडचे पदार्थ माशांच्या खारट रसाशिवाय होत नाहीत, आणि जवळपासच्या दुकानांत तो कुणी ठेवत नव्हते. कंपाउंडरांनी वाचले की मासे आणि मीठ पिंपात भरून, वर दगड ठेवून महिनोन्महिने मुरवतात, आणि खाली जो रस उतरतो तो शिजवताना घालतात. त्यांना हे अगदी दवाखान्यातले काम वाटले. त्यांनी पोतेभर जाडे मीठ आणले, झाकणाचे प्लास्टिकचे पिंप आणले आणि पाणी गाळायच्या जुन्या यंत्राचा नळ काढून त्याच्या बुडाला बसवला. पिंप गॅलरीत उन्हाला ठेवले. त्याच देशाच्या सूपसाठी हाडे लागत, म्हणून खाटकाकडून थोराड हाडे आणि हार्डवेअरच्या दुकानातून करवत आणली. पातेल्यात न मावणारी हाडे ते दुपारी बसून कापत.

मिठाने सगळे उन्हाळाभर निमूटपणे सांभाळले. फक्त नळातली लोखंडी चकती त्याने हळूहळू खाऊन टाकली. आणि ज्या दिवशी कंपाउंडर बिटाचे युक्रेनी सूप करायला बसले होते, नेमक्या त्या दिवशी पिंपाचा संयम सुटला.

खाली सेक्रेटरी खुर्चीत बसून विचार करत होते. ते मुळात संशयी नव्हते, पण व्यवस्थित होते, आणि व्यवस्थित माणसाला सगळे जुळवून बघायची खोड असते. बाई दिसत नाहीत. पडदे कायम ओढलेले. कंपाउंडरांनी पोतेभर मीठ वर नेले तेव्हा पोत्याचे एक टोक खुद्द सेक्रेटरींनी धरले होते. “एवढं मीठ कशाला?” असे विचारल्यावर कंपाउंडर म्हणाले होते, “टिकायला हवं.” हार्डवेअरवाल्याने सहज सांगितले होते की कंपाउंडरांनी करवत नेली आणि विचारले, हाडावर चालते का. कंपाउंडरांच्या वर राहणाऱ्या आजींना दुपारी कापाकापीचा आवाज येई. आणि आता हा थेंब.

सेक्रेटरींच्या तोंडचे पाणी पळाले. तरी एक आशा म्हणून त्यांनी बाईंच्या बहिणीला फोन लावला. एकदा जिन्यात भेट झाली असताना तिने नंबर देऊन ठेवला होता.

“बाई तुमच्याकडे आल्यात ना?”

“ताई? माझ्याकडे? नाही हो. कधी?”

“मग काही नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“काही नाही म्हणजे? भावजी तर रोज सांगतात, झोपलीय. किती झोपते ती?” पलीकडचा आवाज अगदी बारीक झाला. “काय झालंय? मला सांगा.”

सेक्रेटरींनी थेंबाबद्दल सांगितले. न सांगते तर बरे झाले असते.

दुपारी कंपाउंडरांच्या दाराशी बहीण उभी होती, तिच्यामागे सेक्रेटरी शर्ट घेऊन उभे होते आणि त्यांच्यामागे एक फौजदार आणि एक शिपाई. फौजदार जेवायला निघाले असताना त्यांना उचलून आणले होते. जिना चढताना त्यांची भूक प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी गळून पडली होती.

आत बाई पलंगावरून उठून बसल्या. “दार उघडू नका.”

“पोलीस आहेत.”

“असू देत. तीसुद्धा आहे. मला असं बघू देऊ नका तिला. सांगा, गेलीय म्हणून.”

“कुठे गेलीय?”

“काहीही सांगा. आणि या वेळी कमी बोला.”

त्यांनी आतून कडी लावून घेतली. कंपाउंडरांनी कोटाला हात पुसले, त्याने दोन्ही आणखी लाल झाले, आणि मुख्य दार उघडले.

फौजदारांनी नाकाला रुमाल लावून घर पाहिले. ओट्यावर करवत वाळत घातलेली होती. गॅसवर लाल रश्श्याचे पातेले उकळत होते. शिपायाने फ्रीजचा वरचा कप्पा उघडला आणि लगेच मिटला.

“साहेब, हाडं.”

“सूपची आहेत,” कंपाउंडर म्हणाले.

“गॅलरीत पिंपात काय आहे?”

“मासे.”

“किती?”

“लहान लहान आहेत. पुष्कळ.”

“कशासाठी?”

“व्हिएतनामसाठी.”

“तिकडे पाठवताय?”

“नाही. तिकडचं इकडे आणायचं होतं.”

फौजदारांनी रुमाल नाकावर आणखी दाबला. “पत्नी कुठे आहेत तुमच्या?”

कंपाउंडरांना कमी बोलायची सूचना होती. “बहिणीकडे.”

“बहीण ही इथे उभी आहे.”

कंपाउंडरांनी मेहुणीकडे पाहिले. तिचे डोळे रडून सुजले होते. त्यांनी मान खाली घातली. “मग दुसऱ्या बहिणीकडे.”

“भावजी, मी एकटीच आहे,” बहीण म्हणाली. “आम्हाला तिसरं कुणी नाही. काय केलंत तुम्ही ताईचं?”

कंपाउंडरांनी पुन्हा कोटाला हात पुसले. खरे तर त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे होते. पोळलेल्या बोटांत होते, पाठ केलेल्या राजधान्यांत होते. पण बाईंनी कुणाला सांगायचे नाही म्हटले होते, आणि तो नियम अजून उठलेला नव्हता.

“या खोलीला आतून कडी कशी?” फौजदारांनी विचारले.

“अडकते कधी कधी.”

“आत कोण आहे?”

“कुणी नाही.”

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. ती दाबायचा प्रयत्न झाला, म्हणून ती आणखी लांबली. शिपायाने कंपाउंडरांचे मनगट धरले. कंपाउंडर तरीही म्हणाले, “कुणी नाही आत.”

कडी निघाली. दारात बाई उभ्या होत्या. डोक्याला बांधायचा रुमाल हाताशी असूनही त्यांनी बांधला नव्हता. गळ्याची हाडे वर आलेली, झगा खांद्यावरून ओघळलेला, आणि डोके पूर्ण उघडे.

“त्यांचा हात सोडा,” त्या शिपायाला म्हणाल्या. “तू माझ्याच वर्गात होतास ना? मागच्या बाकावर. भूमध्य समुद्र कायम दुसऱ्याच्या वहीत बघून काढायचास.”

शिपायाने हात सोडला आणि तो सरळ उभा राहिला.

बहिणीला कुणी काही समजावून सांगावे लागले नाही. असे डोके, असा गळा तिने आधी पाहिला होता. इतका वेळ वाहणारे तिचे डोळे एकदम कोरडे झाले. ती दोन पावले पुढे आली.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“आईचं तू केलंस.”

“म्हणून?”

“म्हणून नाही सांगितलं. एकदा पुरे झालं तुला.”

“ते मी ठरवणार,” बहीण म्हणाली. “तू कोण ठरवणारी?” आणि तिने ताईचा ओघळलेला झगा खांद्यावर नीट बसवला, चुरगळू नये अशा बेताने, जसा कधीकाळी आणखी कुणाचा बसवला असेल.

सेक्रेटरी शर्टाची घडी करत होते. ती झाल्यावर त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. “मला वाटलं,” ते म्हणाले, आणि काय वाटले ते सांगण्यासारखे नाही हे लक्षात येऊन थांबले.

“तुमचं वाटणं तसं फार चुकलेलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “जरा लवकर आलात एवढंच.”

सेक्रेटरींनी शर्ट पुन्हा उलगडला.

फौजदारांनी गॅलरीकडे बोट केले. तक्रार नोंदली गेली होती, त्यामुळे पिंप उघडून बघणे भाग होते. कंपाउंडर पुढे झाले. त्यांनी दगड उचलून खाली ठेवला, झाकणाच्या कडेने सुरी फिरवली आणि झाकण काढले.

मग जे झाले ते फार पटकन झाले. शिपाई आधी गेला. फौजदार जिन्यात एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने पोट धरून बसले. सेक्रेटरींनी तो शर्ट नाकाला लावला आणि तो कशाने भिजला आहे हे त्यांना उशिरा आठवले. बहीण स्वयंपाकघरात पळाली. वरच्या मजल्यावर आजींनी खिडक्या लावल्याचे आवाज आले. समोरच्या इमारतीतही एकामागून एक खिडक्या मिटू लागल्या.

गॅलरीत दोघेच उरले. बाई पिंपावर वाकून आत बघत होत्या.

“रंग सुरेख आलाय,” त्या म्हणाल्या. “आणि एवढं मीठ? मासे बिचारे कुठे दिसतच नाहीत.”

कंपाउंडर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. या पिंपामागे त्यांचा आणखी एक हिशोब होता, तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. एवढा वास जर तिच्या नाकापर्यंत पोहोचला नाही, तर मग कुठलाच पोहोचणार नाही. म्हणूनच ते पिंप उघडायचे इतके दिवस टाळत आले होते. आता ते उघडले होते, पूर्ण उघडे होते, आणि बाई त्यावर फुलांच्या ताटव्यावर वाकावे तशा वाकल्या होत्या. त्यांची नाकपुडीसुद्धा हलली नाही.

“काही येतंय?” कंपाउंडरांनी विचारले.

बाईंना प्रश्न कळला. त्यांनी आणखी एकदा खोल श्वास घेतला, कंपाउंडरांसाठी. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “चला, मला बसवत नाही आता.”

कंपाउंडरांनी झाकण लावले, दगड ठेवला आणि बाईंना धरून पलंगापर्यंत नेले. ते स्वतः पायाशी बसून राहिले. कोटावरचे बीट वाळून काळे पडत चालले होते. स्वयंपाकघरात बहिणीने काहीतरी गॅसवर चढवल्याचा आवाज आला. “थोडं दूध तरी घे, ताई,” ती तिथूनच म्हणाली होती. मग नळ सोडल्याचा आवाज आला, आणि नळ वाहतच राहिला.

“तिला रडू दे,” बाई हळूच म्हणाल्या. “मघापासून धरून ठेवलंय तिने.”

“पुढच्या वेळी तांदळाच्या शेवया करतो,” कंपाउंडर म्हणाले. “त्याला तो रस लागत नाही.”

“करा.”

घरभर मासे होते, भिंतीत, पडद्यांत, कोटाच्या खिशात. कंपाउंडरांचे नाक कधीच बधिर होऊन गेले होते. बाईंनी डोळे मिटले होते. मग त्यांनी ते उघडले आणि कपाळाला आठी घातली.

“काहीतरी करपतंय.”

“मासे आहेत ते.”

“मासे मला येत नाहीत. हे करपतंय. दूध आहे.”

कंपाउंडरांनी नाक ओढून पाहिले. माशांखेरीज काही नव्हते. आजारी माणसाला नसलेले वास येतात, हे त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. शेवटी शेवटी तर फारच येतात. तरी ते उठले, कारण बाईंनी सांगितले होते.

स्वयंपाकघरात बहीण मोरीपाशी पाठ करून उभी होती. नळ सोडलेला, पदर तोंडात कोंबलेला, खांदे हलत होते. तिच्या मागे गॅसवर दूध आटून बुडाला लागले होते, आणि पातेल्याच्या कडेने काळा धूर सरळ वर चालला होता. बहिणीला त्याचा पत्ता नव्हता. जिन्यात तीन माणसे होती, त्यांनाही नव्हता.

कंपाउंडर पातेल्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी गॅस बंद करायला हवा होता, पण ते त्यांना सुचले नाही. बहिणीने वळून पाहिले आणि ती दचकली.

“अरे देवा, लागलं. माझं लक्षच नव्हतं, भावजी. टाकून देते, मी पातेलं घासते.”

“हात लावू नकोस त्याला,” कंपाउंडर म्हणाले.

त्यांनी ते पातेले कोटाच्या टोकाने धरून तसेच आत नेले. बाईंनी त्यात डोकावून पाहिले आणि हात पुढे केला. कंपाउंडरांनी बुडातली काळपट साय चमच्याने खरवडली, फुंकर घातली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. या वेळी कुठल्या देशाचा प्रश्न विचारायचे बाईंना भान राहिले नव्हते. त्यांनी तो घास तोंडात इकडून तिकडे फिरवला. फार वेळ फिरवला.

“कडू आहे,” त्या म्हणाल्या.

कंपाउंडरांनी चमचा खाली ठेवला.

बहीण दारात येऊन उभी होती. “साखर आणू का, ताई?”

“काही आणू नकोस. आलेलं बिघडवू नका.” आणि बाईंनी चमचा स्वतः उचलला.

दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी तोंडाला फडकी बांधून पिंप नेले. बहीण तिची पिशवी घेऊन राहायला आली आणि तिने सगळे पडदे उघडले. डॉक्टरांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, एका वासावरून काही ठरवू नका, आजार होता तिथेच आहे. कंपाउंडरांनी ते पूर्ण ऐकून घेतले, ‘बरं’ म्हटले आणि ते ओट्याशी गेले.

संध्याकाळी सेक्रेटरी वर आले. आदल्या दिवसाबद्दल काहीतरी बोलावे म्हणून ते निघाले होते, पण जिन्यातच त्यांच्या नाकाने काहीतरी हेरले आणि ते घाईने चढू लागले. दार उघडेच होते. कंपाउंडर धुतलेला कोट घालून गॅससमोर उभे होते. मापाचे भांडे बाजूला, आच अगदी बारीक, नजर पातेल्यावर.

“कंपाउंडर,” सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, “तुमच्याकडे काहीतरी करपतंय.”

“हो,” कंपाउंडर मान न वळवता म्हणाले. “होत आलंय.”